जास्वंद पुन्हा फुलवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणातल्या, गच्चीतल्या आणि बाल्कनीतल्या आजारी जास्वंदींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापं १२ इंची कुंडी धरून दिली आहेत. जमिनीतल्या झुडपाला वेगळं काही लागत असेल तर तिथे तसं म्हटलं आहे. खताच्या पुडीला हात लावण्याआधी निदान पहिले तीन प्रश्न वाचा, कारण घरोघरच्या जास्वंदी उपासमारीने कमी आणि लाडाने जास्त मरतात.

१. झाड पार वाळलंय. जिवंत आहे की मेलंय, कसं ओळखायचं?

नखाने फांदीची साल गव्हाच्या दाण्याएवढी खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर तिथपर्यंत फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं निघालं तर चार बोटं खाली सरकून पुन्हा पाहा. शेंड्याकडून बुंध्याकडे असं उतरत या. फांदी वाकवूनही कळतं: जिवंत फांदी लवते, मेलेली कट्‌कन मोडते.

जमिनीलगत जरी हिरवं सापडलं तरी सहा ते आठ आठवडे धीर धरा. बुंध्यातले निद्रिस्त डोळे फुटायला तेवढा वेळ लागतो. मात्र या काळात पाणी वाढवू नका. पानंच नाहीत तर पाणी उडणार कुठून? माती चिखल होऊन उरलीसुरली मुळंही जातात. बुंध्याची साल बोटाने दाबल्यावर सरकत असेल आणि आतून काळपट, घाण वासाची असेल, तर ते झाड संपलं. प्रश्न २१ पाहा.

२. पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

फक्त तपासणी. कुंडी एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घ्या आणि खालची छिद्रं उघडी आहेत का ते पाहा. छिद्रात मूळ अडकलेलं असतं किंवा कुंडी टाइल्सवर सपाट बसून छिद्र बुजलेलं असतं. मातीत बोट दोन पेरं घाला. पाच-सहा पानं उलटी करून पाहा, कारण कीड पानाच्या वर नव्हे, पाठीमागे बसते. कोवळा शेंडा आणि कळ्यांचे देठ भिंगाने किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून तपासा. शेवटी दिवसातून किती तास थेट ऊन लागतं ते घड्याळ लावून मोजा. ‘बाल्कनीत भरपूर उजेड आहे’ आणि ‘पाच तास ऊन आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

स्पष्ट मेलेल्या काड्या कापा, कुंडीखालची ताटली काढून टाका, खत पूर्ण बंद करा. बाकी सगळं निदान झाल्यावर.

३. रोज पाणी घालूनही पानं माना टाकतात. आणखी घालू का?

मातीत बोट घातल्याशिवाय नको. मान टाकण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्हींत झाड वरून सारखंच दिसतं.

माती कोरडी असेल तर तहान. कुंडीत हे रोज पाणी घालूनही होतं: कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की चटकन पाणी धरत नाही, आणि काळी माती सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटून भेग पडते. वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं. ताटलीत पाणी दिसतं म्हणून आपण खूश, आणि मधला मुळांचा गोळा ठणठणीत कोरडा. कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. संध्याकाळपर्यंत पानं उभी राहिली तर निदान पक्कं.

माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर मुळं कुजली आहेत. प्रश्न ४ पाहा.

माती ठीक, पण झाड धरून हलवल्यावर दाढ हलावी तसं डुगडुगत असेल, तर हुमणी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ही अळी कुंडीत येते आणि मुळं कुरतडते. कुंडी रिकामी करून अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या वेचा. पण सगळ्याच अशा अळ्या हुमणी नसतात. सपाट फरशीवर ठेवल्यावर जी पाठीवर उताणी होऊन सरपटते, ती फक्त कुजलेला पाला खाते, मुळांना त्रास देत नाही. तिला कंपोस्टच्या ढिगात सोडा. हुमणीसाठी नव्या मातीत मेटारायझियम या अळ्या मारणाऱ्या बुरशीची भुकटी १० ग्रॅम मिसळता येते, मात्र माती ओलसर राहिली तरच ती बुरशी वाढते.

उन्हाळ्यात दुपारी दोनला किंचित मलूल होणं आणि सहाला पुन्हा ताठ होणं हा आजार नाही.

४. मुळं कुजली आहेत. झाड वाचेल का?

निम्मी मुळं चांगली असतील तर बहुधा वाचतं. चांगलं मूळ पांढरट-फिकं आणि टणक असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघते आणि आत नुसता दोरा उरतो. वासही चुकत नाही.

कुंडीतून झाड काढा, माती हलक्या हाताने झाडा, पाण्याने मुळं धुवा. सगळी कुजलेली मुळं स्वच्छ सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) चांगल्या भागापर्यंत कापा. वरचा विस्तारही साधारण एक तृतीयांश कमी करा, कारण थोड्या मुळांना तेवढी पानं पोसता येत नाहीत. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला २.५ ग्रॅम घेऊन मुळं दहा मिनिटं त्यात बुडवा. मग उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे बहुतेक वेळा आधीपेक्षा लहान कुंडी घ्या. सगळ्यात जास्त चूक इथे होते. आजारी झाडाला ‘मोकळी जागा’ म्हणून मोठी कुंडी दिली की मुळं पोहोचत नाहीत तिथली माती आठवडाभर ओली राहते आणि कूज परत येते.

मिश्रण: चार भाग लाल पोयटा माती, दोन भाग चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, दोन भाग जाड वाळू. भाताचं तूस मिळालं तर वाळू निम्मी करून तेवढं तूस घाला. दहा-पंधरा दिवस सकाळचं ऊन मिळेल पण दुपारचं टळेल अशा जागी ठेवा. नवी पालवी दोन इंच होईपर्यंत खत नाही.

ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशींना आवरणारी उपयोगी बुरशी, द्यायचा असेल तर तांब्याच्या औषधानंतर पंधरा दिवसांनी, लिटरला ५ ग्रॅम. दोन्ही एकत्र दिलं तर ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी असल्याने मरतो आणि दोघांचे पैसे वाया जातात.

५. नर्सरीतून आणली तेव्हा फुलांनी लगडलेली होती. महिन्याभरात पानं गळून काडी उरली. फसवलं का?

फसवलं असं नाही, पण दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. एक, नर्सरीच्या काळ्या पिशवीत मुळांभोवती बऱ्याचदा लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. वाहतुकीत रोप हलू नये म्हणून ते सोयीचं असतं. आपण तो गोळा तसाच आपल्या भुसभुशीत मातीत बसवतो. पाणी सोपी वाट धरून भोवतीच्या मातीतून निघून जातं आणि गोळा आतून विटेसारखा होतो. लावण्याआधी गोळा अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवा आणि बाहेरचा एक तृतीयांश थर बोटांनी सोडवा. आधीच लावली असेल तर रोप काढून हेच करा. मे महिन्यात मात्र नको. तोवर कुंडी बादलीत बुडवून वेळ मारून न्या.

दुसरं, हायब्रीड रोपं बुटकी आणि फुलांनी भरलेली दिसावीत म्हणून वाढ रोखणारी संजीवकं वापरली जातात. घरी आल्यावर काही महिन्यांनी तो परिणाम ओसरतो, फांद्या लांबतात, फुलं कमी होतात. हे झाडाचं खरं रूप आहे. छाटणीने ते आटोक्यात येतं.

६. पानं पिवळी पडताहेत. नेमकं काय कमी आहे?

कुठली पानं आणि कशी, यावर सगळं अवलंबून आहे. खालची, जुनी पानं अख्खी पिवळी होऊन एक-दोन गळत असतील तर काही करू नका. ऋतू बदलताना जास्वंद जुनी पानं टाकतेच, आणि नागपूरकडे थंडीत रात्री १० अंशांखाली गेल्या की जरा जास्तच टाकते. सगळंच झाड फिकट आणि वाढ खुंटलेली असेल तर नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा आणि शिरा हिरव्या, तर मॅग्नेशियम: मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. हेच चित्र कोवळ्या पानांवर असेल तर लोह, त्यासाठी पुढचा प्रश्न. पिवळेपणा ठिपक्या-ठिपक्यांनी असेल आणि पानामागे बारीक जाळी दिसत असेल तर लाल कोळी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तीन दिवस सलग पानांची पाठ धुवा. तेवढ्याने नाही गेले तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. पण पारा ३२-३३ अंशांवर असताना किंवा नीम तेल मारल्यापासून दोन आठवड्यांत गंधक मारलंत तर पानं भाजतील.

७. शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी आणि शिरा हिरव्यागार. लोह कसं द्यायचं?

पुणे, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इथली चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी यांची ही ठरलेली देणगी. जास्वंदीला किंचित आम्ल माती आवडते, सामू (पीएच) ६ ते ६.८. कोकणातल्या, गोव्यातल्या जांभ्याच्या लाल मातीत ही तक्रार क्वचित येते, कारण ती माती मुळातच आम्ल आहे. देशावर मातीत लोह असतं, पण सामू ७.५ च्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही.

म्हणून नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून भागत नाही. चुनखडीच्या मातीत ते काही दिवसांतच निरुपयोगी होतं, शिवाय गच्चीच्या फरशीवर गंजाचे डाग पडतात ते वेगळेच. लवकर फरक हवा असेल तर चिलेटेड, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी: ईडीटीए प्रकारचं, लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या, ३ ग्रॅम लिटरभर पाण्यात. त्याचं पाणी गडद लाल होतं, घाबरू नका. ईडीटीए मातीतून दिलं तर जास्त सामूत टिकत नाही. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणाला तरी पुडीवरचं नाव वाचूनच घ्या.

आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. उपाय लागू पडला की नाही ते नव्या पानांवरून ठरवा, साधारण तीन आठवड्यांनी. दीर्घकाळासाठी कुंडीत दर चार महिन्यांनी एक छोटा चमचा गंधकाची भुकटी आणि भरपूर गांडूळखत. मातीत चुनखडीचे पांढरे खडे दिसत असतील तर गंधक पुरं पडणार नाही. तिथे माती बदलणंच स्वस्त पडतं.

८. बोअरचं पाणी चालेल का? आरओचं वाया जाणारं आणि एसीचं?

बोअरचं पाणी नाइलाज असेल तर चालतं. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पापडी जमली की वरची इंचभर माती खरवडून काढा, आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, जास्वंदीला नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी उलट जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते बादलीत साठवून निर्धास्त घाला.

९. फांद्यांवर कापसासारखं पांढरं चिकटलंय. कितीही फवारलं तरी परत येतं.

हा पिठ्या ढेकूण, इंग्रजीत ‘मिलीबग’. जास्वंद हे त्याचं आवडतं घर. त्याच्या काही जातींनी शेतीही हैराण केली: पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात पहिल्यांदा २००८ मध्ये कोइम्बतूरला सापडला, तो जास्वंदीवरही तितक्याच आवडीने राहतो. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून त्याचा नैसर्गिक शत्रू, अ‍ॅसेरोफॅगस पपाये नावाची मिलिमीटरभरही नसलेली परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली गेली आणि त्यानंतर तो बराच आवरला.

तुमच्या कुंडीवर तो परत येतो याची कारणं साधी आहेत. अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे साबणाशिवायचं कुठलंही औषध घरंगळून जातं. कापसात अंडी असतात, ती एका फवारणीत मरत नाहीत. आणि मुंग्या त्याने टाकलेला गोड चिकटा खायला मिळतो म्हणून त्याची राखण करतात, पिल्लांना नव्या फांद्यांवर नेऊन सोडतात.

तेव्हा या क्रमाने जा. शेंडे पांढरेफटक झाले असतील तर ते कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, कंपोस्टमध्ये टाकू नका. उरलेल्या झाडावर नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारा. संध्याकाळी फवारणी: ५ मिलि नीम तेलात आधी १-२ मिलि लिक्विड सोप घोटून घ्या, दुधासारखं झालं की हळूहळू लिटरभर कोमट पाणी. तेल थेट पाण्यात टाकलं तर वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी आणि शेवटी शुद्ध तेल निघतं, आणि शेवटची फांदी जळते. दर सात दिवसांनी तीन वेळा, पानांच्या पाठी आणि फांदीच्या बेचक्या भिजतील असं. तहानलेल्या झाडावर मारू नका, आदल्या दिवशी पाणी घाला. दोन-चारच किडे असतील तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो. कुंडी विटांवर ठेवून मुंग्यांचा रस्ता तोडा, आणि झाडाची फांदी भिंतीला टेकत असेल तर तीही कापा, नाहीतर पूल तयारच आहे.

आता अपवाद. फवारण्याआधी त्या पांढऱ्या किड्यांत थोडे मोठे, केसाळ झालरीचे, भराभर चालणारे कुणी आहेत का ते पाहा. ढेकूण जेमतेम हलतो. भराभर पळणारी ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी असते. पिठ्या ढेकणाचं सोंग घेऊन ती त्यालाच खाते. ती दिसली तर फवारणी थांबवा.

इमिडाक्लोप्रिड या रासायनिक कीटकनाशकाबद्दलही सारखं विचारलं जातं. काम करतं, पण झाडाच्या रसात भिनतं आणि फुलांवरच्या मधमाश्यांपर्यंत पोहोचतं. कळ्या-फुलं असताना वापरू नका. घरच्या दोन कुंड्यांसाठी त्याची गरज सहसा पडत नाही.

१०. पानांवर काळी काजळी धरली आहे. बुरशीनाशक मारू?

नको. ती बुरशी झाडावर नाही, किडीने टाकलेल्या गोड चिकट्यावर वाढते. वर पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी किंवा खवले कीड शोधा, प्रश्न ९ प्रमाणे ती घालवा, आणि ओल्या फडक्याने पानं पुसा. कधी कधी कीड तुमच्या झाडावर नसून वरच्या आंब्यावर असते आणि चिकटा खाली ठिबकतो.

११. कळ्या येतात, टपोऱ्या होतात आणि उमलायच्या आधी गळतात.

गळलेली कळी हातात घ्या आणि नखाने उभी चिरा. आत बारीक पांढरट-पिवळ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर कळीमाशी. फवारा कळीच्या आत पोहोचत नाही, म्हणून गळलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून कचऱ्यात टाका. अळी कळीसकट खाली पडते आणि मातीत कोशात जाते. तीन आठवडे हे चुकवलं नाही तर चक्र तुटतं.

अळी नाही, पण पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि कळी वाकडी, तर फुलकिडे: कळी पांढऱ्या कागदावर झटका, डोळ्यांना जेमतेम दिसणारे लांबट ठिपके चालू लागतील. नीम फवारणी, वरच्याच प्रमाणात.

कळी आतून निर्मळ असेल तर कारण पाण्याचं किंवा जागेचं. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की झाड कळ्या सोडून देतं. कळ्या असताना कुंडीची जागा बदलू नका. ४० अंशांवरच्या उन्हात दुहेरी पाकळ्यांच्या जाती कळ्या टाकतातच. दुपारी ११ ते ४ हिरवी जाळी लावा, मातीवर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

१२. झाड हिरवंगार, तजेलदार, पण फूल एक नाही.

ऊन मोजलंत का? पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बाकी सगळे उपाय व्यर्थ. सावलीतून उन्हात नेताना रोज तासाभराने वाढवत आठ-दहा दिवसांत न्या, नाहीतर पानं पांढरी भाजतात. ऊन पुरेसं असेल तर युरिया किंवा ताजं शेण जास्त झालं असणार. नत्र बंद करा आणि पालाश (पोटॅश) द्या (प्रश्न १३). तिसरं कारण, छाटणीच केली नाही. जास्वंदीला फूल नव्या फुटव्यावर येतं, आणि छाटल्याशिवाय नवे फुटवे मोजकेच येतात.

१३. बरी झालेल्या झाडाला खत कोणतं आणि किती?

नवी पालवी दिसल्यावर पहिला महिना फक्त दोन मुठी गांडूळखत. मग दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम, ओल्या मातीत. कळ्या धरण्याच्या काळात त्याऐवजी ०:०:५० हे पालाशाचं खत लिटरला ३ ग्रॅम. स्फुरद (फॉस्फरस) मात्र हात राखून: बोनमील, डीएपी, सुपर फॉस्फेट यांचा मारा जास्वंदीला सोसत नाही, जास्त स्फुरद लोहाची वाट अडवतं आणि तुम्ही प्रश्न ७ वर परत येता. ‘फुलांसाठी बोनमील’ हा सल्ला गुलाबाच्या वाफ्यातून इकडे आलेला आहे.

१४. चहाचा चोथा, केळीची साल, अंड्याची टरफलं, राख, ताक, तुरटी... यातलं खरं काय?

चोथा दूध-साखर धुऊन, वाळवून, महिन्याला मूठभर चालतो. न धुता टाकला तर मुंग्या आणि चिलटं. केळीची साल कंपोस्टमध्ये जाऊ द्या. नुसत्या भिजवलेल्या पाण्याने फारसं काही होत नाही. टरफलं आणि राख चुनखडीच्या मातीत तर मुळीच नको, दोन्ही सामू वाढवतात. ताक पातळ करून अधूनमधून घातल्याने बिघडत नाही, चमत्कारही होत नाही. तुरटीने पाणी तात्पुरतं आम्ल होतं, पण दर आठवड्याला खडा टाकत राहिलात तर मुळं जळतात.

१५. छाटणी केव्हा, किती? आणि गणपतीत फुलं हवी असतील तर?

मुख्य छाटणी थंडी ओसरताना, फेब्रुवारीत. निरोगी झाडाची एक तृतीयांश ते निम्मी उंची कमी करता येते. आजारातून उठलेल्याची एक तृतीयांशाच्या वर नाही. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरका काप घ्या. आत वळणाऱ्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढा. सिकेटर प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

गणेशोत्सव ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येतो. छाटणीपासून चांगला बहर यायला दोन-अडीच महिने लागतात, दुहेरी आणि हायब्रीड जातींना तीन. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फक्त शेंड्याकडच्या सहा इंचांची हलकी छाटणी करा. जुलैअखेर कापलंत तर चतुर्थीला पानंच वाहावी लागतील. सगळ्या फांद्या एकाच दिवशी न कापता निम्म्या आधी, निम्म्या पंधरा दिवसांनी कापल्या तर फुलं दहाही दिवस मिळतात.

जूनच्या छाटणीतले पेन्सिलच्या जाडीचे, सहा इंची तुकडे फेकू नका. खालची पानं काढून ओल्या वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचा, महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मूळ झाडाची खात्री नसेल तेव्हा हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

१६. अंगणातलं वीस वर्षांचं झुडूप आहे. खाली नुसती खोडं, वर चार फुलं.

एकदम बुंध्यापासून कापू नका. जुनी खोडं मोजा. पहिल्या फेब्रुवारीत त्यातली एक तृतीयांश जमिनीपासून दीड-दोन फुटांवर करवतीने कापा, पुढची पुढच्या वर्षी, उरलेली तिसऱ्या. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १०० ग्रॅम आणि चुना १०० ग्रॅम वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करा, त्याच दिवशी वापरा. लोखंडी भांडं नको. खोडावर मातीचे बोगदे दिसले तर वाळवी आहे. ते खरवडून आतलं पोकळ लाकूड कुठवर गेलंय ते पाहूनच काप ठरवा. फांद्यांच्या घेराखाली वीतभर खोल चर खणून १०-१५ किलो कुजलेलं शेणखत भरा. खोडाला टेकवून नाही.

१७. पिवळ्या हायब्रीड जास्वंदीला अचानक साधी लाल फुलं येताहेत!

कलमाच्या खालून फुटवा आला आहे. अनेक हायब्रीड जाती देशी जास्वंदीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. आजारपणात वरचं कलम मान टाकतं आणि खुंट जोर धरतो. खोडावर गाठ किंवा जाडीतला फरक दिसेल तिथे पाहा. तिच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा उगमापाशी तोडा. गाठीच्या वर काहीच जिवंत नसेल तर पिवळी गेली. लाल ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा. ती मात्र बहुतेक वेळा जास्त चिवट निघते.

१८. पानं वाटीसारखी वर वळली आहेत, शिरा जाड झाल्या आहेत. सगळं फवारून झालं.

पान उलटं करून उजेडात धरा. शिरांवर बारीक पानासारखे उंचवटे आले असतील तर हा पांढऱ्या माशीने पसरवलेला पर्णगुच्छ विषाणू आहे. त्याला औषध नाही. शेजारी भेंडी, कापूस किंवा दुसरी जास्वंद असेल तर झाड उपटून नष्ट करणं बरं, आणि त्याच्या काड्या रुजवायला कुणाला देऊ नका. उंचवटे नसतील, फक्त शेंड्याची पानं मुरडलेली असतील तर मावा किंवा फुलकिडे असण्याची शक्यता जास्त. आधी प्रश्न ९ आणि ११ चे उपाय महिनाभर करून पाहा.

१९. फूल एकाच दिवसात मिटतं, हा रोग का? आणि फवारलेली फुलं पूजेला, तेलाला चालतात का?

देशी जास्वंदीचं फूल एकाच दिवसाचं असतं. काही हायब्रीड जातींचं दोन-तीन दिवस टिकतं. नीम-साबणाच्या फवारणीनंतर दोन दिवसांनी धुतलेली फुलं देवाला चालतील. केसांच्या तेलासाठी किंवा चहासाठी मात्र रासायनिक कीटकनाशक किंवा तांब्याचं औषध मारलेल्या झाडाची फुलं-पानं त्या हंगामात घेऊ नका.

२०. न्यू जर्सीत, लंडनमध्ये जास्वंद थंडीत मरते. काय करता येईल?

रात्रीचं तापमान १० अंशांकडे उतरू लागलं की कुंडी घरात, सगळ्यात उजेडाच्या खिडकीत. आणण्याआधी पानांच्या पाठी धुऊन घ्या, नाहीतर हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी माजतो. आत आल्यावर निम्मी पानं गळणं ठरलेलं आहे, घाबरून पाणी वाढवू नका. थंडीभर खत नाही. पण तिथल्या दुकानात ‘हार्डी’ म्हणून विकली जाणारी जास्वंद वेगळी. ती थंडीत जमिनीपर्यंत वाळते किंवा काड्याच उरतात, आणि मेपर्यंत पालवी येत नाही. ती मेली समजून उपटण्याआधी प्रश्न १ ची नखाची चाचणी करा. काड्या वाळलेल्या निघाल्या तर बुंध्याशी उकरून पाहा.

२१. मेलेल्या झाडाची माती पुन्हा वापरता येईल का?

विषाणूने गेलं असेल तर येईल, तो विषाणू मातीत राहत नाही. कूज, हुमणी किंवा मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी असेल तर माती आधी उन्हात तापवा: एप्रिल-मेमध्ये सगळी जुनी मुळं वेचून माती ओलसर करा, सहा इंचांच्या थरात पसरा, पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका आणि चार ते सहा आठवडे तशीच राहू द्या. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. नंतर निम्मं नवं मिश्रण मिसळा, आणि पहिल्या हंगामात तिथे जास्वंदीऐवजी झेंडू लावा. कुंडी मोरचुदाच्या पाण्याने, लिटरला चिमूटभर, आतून घासून कडक उन्हात दोन दिवस उपडी ठेवा.